हलक्या अन्नाचे मास्तर

परवा आमच्या गल्लीतल्या तरुण डॉक्टरानं माझं पोट दाबून पाहिलं आणि म्हणाला, "आजोबा, चार दिवस जरा हलकं खा." माझं डोकंच फिरलं. मी त्याला बजावलं, मऊ भात म्हण, पेज म्हण, ताक म्हण, पण हा शब्द माझ्यासमोर काढायचा नाही. त्याची काही चूक नव्हती. या एका शब्दापायी एका माणसाची नोकरी गेलेली मी पाहिली आहे, आणि ती घालवायला माझीही जीभ कामाला आली आहे, हे त्याला कुठून ठाऊक असणार.

तो माणूस म्हणजे आमचे ड्रिलमास्तर. स्वराज्य यायच्या दहा-बारा वर्षं आधीची गोष्ट. निपाणीच्या आमच्या हायस्कुलात ते ड्रिल आणि खेळ शिकवायचे. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर मेसोपोटेमियात जाऊन आलेले. आता पलटणीतला माणूस म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे काही उभं राहत असेल, त्यातलं यांच्याकडे काहीही नव्हतं. छाती बेताची, मिशी विरळ, आवाज बसका. दंड-बैठकांवर त्यांचा फारसा भरवसाही नव्हता. त्यांचा सगळा भरवसा पोटावर.

धावायला सोडण्याआधी ते आम्हाला रांगेत उभं करायचे, सदरे वर करायला लावायचे आणि एकेकाच्या पोटाला कान लावत पुढे सरकायचे. आत गुडगुड ऐकू आली की मान हलवायचे. "गिरणी चालू हाय रं. बस खाली." मग त्या पोरानं तासभर चिंचेखाली बसून राहायचं. का, असं मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, अंगात रगत एकच हाय, ते पोटाकडं दळायला गेलं तर पायाकडं कुठनं येणार? पुढे कॉलेजात शरीरशास्त्राचं पुस्तक हाती आलं आणि त्यात हेच मोठमोठ्या शब्दांत लिहिलेलं सापडलं, तेव्हा मी ते पुस्तक मिटून ठेवलं.

हजेरीची तऱ्हा तर विचारूच नका. नाव पुकारलं की "हजर" म्हणायचं नाही. "साफ" म्हणायचं, नाहीतर "न्हाई". म्हणजे सकाळी पोट साफ झालं का, त्याचा हिशेब. चाळीस पोरं मैदानावर ओळीनं "साफ, साफ, साफ" ओरडायची आणि मैदानाला लागूनच हेडमास्तरांचं बिऱ्हाड. त्यांच्या घरच्या मंडळींवर जेवणं सोडायची वेळ आली. हेडमास्तरांनी लेखी समज दिली. दुसऱ्या दिवसापासून मास्तर आम्हाला नुसती मान हलवायला लावू लागले, पण विचारायचं काही सोडलं नाही.

अन्नाचे त्यांनी तीन भाग पाडले होते. सरपण, विटा आणि वंगण. भाकरी, भात, गूळ हे सरपण; जळतं आणि पळवतं. डाळ, दूध, शेंगा, हरभरे या विटा. अंगाची झालेली झीज बांधून काढतात. तेल-तूप हे वंगण. लागतं, पण बेतानं, कारण पोटात गेलं की मुक्काम ठोकून बसतं. पळायच्या आधी सरपण, तेही बारीक फोडलेलं. पळून झाल्यावर विटा. हा क्रम उलटा केला की माणूस आडवा होतो, असं ते सांगायचे. गावातल्या तालमीतले लोक त्यांना हसायचे. बदाम आणि तुपाशिवाय ताकद येते, हे त्यांना कुणी पटवून द्यायचं? मास्तर त्यांच्या वाटेला गेले नाहीत. आम्हाला मात्र रोज खेळाच्या आधी कल्हई केलेल्या पितळी पिंपातून नाचण्याची आंबील द्यायचे. ताक आणि मीठ घातलेली, पातळ. पिंप त्यांचं, नाचणी त्यांची, रांधणंही त्यांचंच. माणूस एकटा होता. कानडी मुलखात वाढल्यामुळं वाढताना "साकु?" विचारायचे, म्हणजे पुरे का. आपण मान हलवली तरी थांबायचे, पोटाला विचारून सांग म्हणायचे.

एकदा ड्रिलच्या तासाला त्यांनी चाळीस पोरांना मैदानात मांडी घालून बसवलं आणि प्रत्येकाच्या हातात जोंधळ्याच्या भाकरीचा एकेक कोरडा तुकडा दिला. डोळे मिटून चावायचा, गोड लागेपर्यंत गिळायचा नाही. नेमके त्याच दिवशी शाळा तपासायला डेप्युटीसाहेब आले. बघतात तर मैदानात चाळीस पोरं डोळे मिटून रवंथ करताहेत आणि मास्तर मधे उभे. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. मास्तर सावधान उभे राहिले आणि म्हणाले, "भाकरीतनं साखर काढतोय, साहेब." डेप्युटी चांगला माणूस होता. त्यानंही एक तुकडा मागून घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाला, खरंच की हो. हेडमास्तर त्या दिवशी जे चिडले ते चिडलेच. शेऱ्याच्या वहीत त्यांच्या व्याकरणाच्या तासाबद्दल एक ओळ नव्हती आणि भाकरीबद्दल चार होत्या.

पोटाचं हे वेड कुठून आलं, ते मास्तरांनी एकदाच सांगितलं. मेसोपोटेमियात त्यांची तुकडी बरेच महिने वेढ्यात अडकली होती. घोड्याचा दाणा खाऊन राहिले. शेजारच्या गावचा एक जोडीदार त्यांच्याबरोबर तगला. सुटका झाल्यावर कुणा भल्या माणसानं त्यांच्यापुढे मटण-भाताची परात ठेवली. मास्तर भीतभीत दोन घास खाऊन थांबले. जोडीदार थांबला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला पुरला. "उपाशी न्हाई मेला," मास्तर म्हणाले, "जेवून मेला." आणि आंबील ढवळू लागले.

आता आमच्या शाळेचे अध्यक्ष. तंबाखूचे मोठे व्यापारी, दोन वखारींचे धनी. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, रागवायला सोपं गेलं असतं. शाळेची इमारत त्यांनी बांधली. माझी आई त्यांच्याच वखारीत तंबाखू निवडायला जायची आणि त्यांच्या एका शब्दावर मला नादारी मिळाली होती, म्हणजे माझी सगळी फी माफ होती. ती गेली असती तर मी दुसऱ्या दिवशी आईच्या शेजारी वखारीत बसलो असतो. हे मला ठाऊक होतं, आईला होतं आणि मास्तरांनाही होतं.

मास्तर सहा वर्षं हंगामीच होते. दर उन्हाळ्यात कमिटी बसायची आणि ठेवायचं की काढायचं ते ठरवायची. त्या वर्षी अण्णांनी सांगून टाकलं की बेळगावला लष्करी कॅम्पाच्या मैदानावर जिल्ह्यातल्या शाळांचे सामने होतात, तिथली ढाल आणलीत तर तुम्हाला कायम करू. नाही आणलीत तर ड्रिल चित्रकलेच्या मास्तरांकडे देऊ, ते तरी कमी खर्चाचे आहेत. मास्तरांचं वय पन्नाशीच्या पुढे गेलेलं. दुसरीकडे कोण घेणार होतं त्यांना? त्या वर्षी आंबील दोनदा मिळायला लागली.

सामन्याला पंधरा दिवस असताना त्यांनी कचेरीबाहेरच्या फळ्यावर आपल्या जाड्या अक्षरात सूचना लिहिली: "धावणाऱ्या मुलांनी खेळाआधी हलके अन्न खावे. घरच्यांनीही ध्यानात घ्यावे." तीन ओळींचा मजकूर. आणि दुपारी अण्णा शाळेत आले.

फळ्यापुढे ते किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांचा आवाज आमच्या वर्गापर्यंत आला. हलकं अन्न? माझ्या शाळेतली पोरं काय हलक्या घरची आहेत? मी इमारत बांधायची, बाकं आणायची, आणि बेळगावात जाऊन लोकांनी म्हणायचं की निपाणीकर पोरांना हलकं खायला घालतात? मास्तर धावत आले आणि समजावू लागले, की अण्णा, हलकं म्हणजे पोटाला जड न पडणारं, लगेच पचणारं. अण्णांना ते ऐकूच गेलं नाही. त्यांच्या लेखी नाचणी हे गरिबाचं अन्न, गरिबाचं अन्न ते हलकं अन्न, आणि तेच या शिपायानं फळ्यावर लिहून शाळेची अब्रू वेशीवर टांगली होती.

मला संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. शेजारी हेडमास्तर उभे होते. आम्हाला मराठी शिकवायचे ते. एकेका शब्दाचे पाच-पाच अर्थ सांगायचे, श्लेष म्हणजे काय ते तासभर रंगवायचे. 'हलकं' या शब्दाला दोन अर्थ आहेत, एक वजनाचा आणि एक प्रतिष्ठेचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं? एक वाक्य बोलायचं होतं. तेवढ्यानं सगळं मिटलं असतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि स्वतःच्या हातानं फळा पुसला. अहो, शाळेचा शिपाई उभा होता बाजूला, त्याला फडकं आणायला सांगता आलं असतं, पण तेवढाही धीर धरवला नाही त्यांना.

सामन्याच्या आदल्या दिवशी आम्ही सर्व्हिस मोटारीनं बेळगावला पोचलो. मास्तरांनी मांडीवर पिंप धरून पंचेचाळीस मैल काढले. उतरायची सोय अण्णांच्या व्याह्यांकडे होती. दुसऱ्या दिवशी माझी तीन मैलांची धाव चारला आणि हुतूतू त्यानंतर. नावं नोंदवायला आणि मैदान पावलांनी मोजायला मास्तर सकाळीच कॅम्पात गेले. जाताना बजावून गेले: अकराला एक भाकरी, गूळ आणि वाटीभर आंबील, मग चारपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. आम्ही तसंच केलं. अगदी तसंच केलं, एक वाजेपर्यंत.

एक वाजता अण्णा स्वतः आले आणि आम्हाला पाटांवर बसवलं. पुरणपोळ्या, कटाची आमटी, भजी, बासुंदी, आणि खास आमच्यासाठी मागवलेला कुंदा, बेळगावचा, तुपानं चकाकणारा. कुणीतरी पिंपातली आंबील उरल्याचं सांगितलं. अण्णा म्हणाले, म्हशीला घाला. परसात म्हशीच्या घमेल्यात ती ओतली गेली आणि म्हशीनं ती चाटूनपुसून घेतली. त्या दिवशी त्या घरात खेळाडूचं जेवण जेवली ती एक म्हैस.

अण्णा हातात तुपाची तामली घेऊन पंक्तीतून वाढत होते. आपल्याकडचा आग्रह तुम्हाला माहीत आहे. पानावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात. यजमानानं स्वतः वाढलेलं टाकणं म्हणजे त्याच्या तोंडावर नाही म्हणणं, आणि अण्णांना नाही म्हणायची आमच्यातल्या कुणाची टाप होती? हे सगळं खरं आहे आणि पन्नास वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो. पण आता या वयात खोटं कशाला बोलू? मला खायचं होतं. बासुंदी मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. सहा पोळ्या खाल्ल्या मी, आणि कुंदा मागून घेतला.

अण्णांनी आपल्या मोटारीतून आम्हाला कॅम्पात पोचवलं. चालून दमायला नको म्हणून. मास्तर दोरीपाशी वाट बघत होते. त्यांनी नेहमीप्रमाणं माझा सदरा वर केला, पोटाला कान लावला आणि तसेच वाकून राहिले. मग सरळ होऊन माझ्याकडे बघितलं.

"काय खाल्लंस?"

"भाकरी," मी म्हणालो.

नावं पुकारली जात होती. ते एवढंच म्हणाले की पहिला फेरा हळू घे. मी हळू घेतला. दुसऱ्या फेऱ्यात उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की श्वास पुरा होईना. तिसऱ्या फेऱ्यात मैदानालगतच्या चर्चच्या कुंपणाशी मी वाकलो आणि सगळं बाहेर आलं. मास्तर कुठून आले कळलं नाही, पण कपाळाला त्यांचा हात होता. पुरण, बासुंदी, कुंदा, सगळं त्यांच्या पायांपुढे पडलं होतं. ते बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. हुतूतूत तर आणखी शोभा झाली. आमचा सगळ्यात चांगला गडी चढाईला गेला, "हुतूतू" चाललं असताना त्याला ढेकर आला, दम तुटला आणि तो बाद. बघायला जमलेले कॅम्पातले गोरे सोल्जर पोट धरून हसले. ढाल खानापूरकडच्या एका शाळेनं नेली. त्यांची पोरं नाचणीच खाऊन आली असणार.

आठ दिवसांनी हेडमास्तरांच्या खोलीत कमिटी बसली आणि मला बोलावणं आलं. मधे अण्णा, बाजूला दोन सभासद, हेडमास्तर टेबलावर लिहायला बसलेले. मास्तर भिंतीला लागून उभे. त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती. अण्णा माझ्याशी गोड बोलले. म्हणाले, घाबरू नको, विचारतो तेवढंच सांग. मास्तर तुला वर्षभर काय खायला देत होते?

मी म्हणालो, आंबील. आणखी? भाकरी, गूळ, शेंगा. तूप? नाही. दूध? पळून झाल्यावर थोडं.

"म्हणजे हलकं अन्न."

चार माणसं बसली होती आणि त्या दुपारी कोणी काय वाढलं हे त्यातल्या एकाला, वाढणाऱ्यालाच, ठाऊक होतं. त्याला तर त्यात चूकही दिसत नव्हती. त्याच्या हिशेबी त्यानं एका जेवणात वर्षाची उणीव भरून काढायचा प्रयत्न केला होता आणि ती भरून निघाली नाही, एवढंच. मला फक्त म्हणायचं होतं, अण्णा, तुमच्या पोळ्या बाधल्या. मी मास्तरांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, रागानं नव्हे.

"व्हय," मी म्हणालो.

हेडमास्तरांनी ते लिहून घेतलं. 'हलके अन्न दिल्यामुळे मुलांची शक्ती क्षीण होऊन शाळेचा पराभव झाला.' शुद्धलेखनाची एकही चूक नसलेलं वाक्य. मास्तरांना काही सांगायचं आहे का, असं विचारलं, तेव्हा ते नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोटार-अड्ड्यावर असल्याचं कळलं आणि मी पळत गेलो. एक ट्रंक, एक वळकटी आणि पिंप. मी रडत होतो की काय मला आठवत नाही. मी त्यांना विचारलं, तुम्ही का नाही बोललात? तुम्ही तर सगळं बघितलं होतं.

ते म्हणाले की मी बोललो असतो तर अण्णांनी 'माझं जेवण बाधलं का' असं तुला विचारलं असतं, आणि तू खरं सांगितलं असतंस तर तुझी नादारी गेली असती, खोटं सांगितलं असतंस तर तुझं तुलाच वाईट वाटलं असतं. माझं काय, पोट एकच आहे. मग मोटार आली. क्लीनरनं ट्रंक टपावर टाकली. मास्तर पायरीवर चढले आणि वळले.

"खरं सांगू का? तू तोंड उघडशील म्हणून वाट बघत हुतो रं. तू नुसतं 'पर अण्णा' एवढं जरी म्हणला असतास, तर मीच तुला गप केलं असतं. तेवढ्यावर गेलो असतो मी, आनंदानं."

मोटार चिकोडीच्या बाजूनं गेली. पुढे ते कुठे राहिले, काय खाऊन राहिले, कुणालाच सांगता आलं नाही. मी त्याच नादारीवर मॅट्रिक झालो, कॉलेजात गेलो, चांगली नोकरी केली. इतकी वर्षं मी अण्णांवर चिडलो, हेडमास्तरांवर चिडलो, त्यांच्या रुमालावर चिडलो. आता अण्णा नाहीत, हेडमास्तर नाहीत, ती कमिटी नाही. रागवायला उरलोय तो मी एकटाच, आणि मला समोर उभं करून विचारणारं कुणी नाही.